कर्मचारी टेबलावर घडतो: पंचायत समितीतल्या एका नव्या अधिकाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत नुकत्याच रुजू झालेल्या सहायक गटविकास अधिकारी मॅडम विचारतात : हाताखाली वीसेक माणसं आहेत, बरीचशी माझ्यापेक्षा वयाने मोठी. प्रशिक्षणं होतात, लोक जाऊन येतात, प्रमाणपत्रं फाईलला लागतात, पण टेबलावरचं काम होतं तसंच राहतं. मग प्रशिक्षण कमी पडतंय, माणसं कमी पडतायत, की नेतृत्व करण्यात मी कमी पडतेय?

माझी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. आस्थापनेच्या टेबलावर सुरुवात केली, पुढे सामान्य प्रशासन पाहिलं, प्रशिक्षण वर्गांवर शिकवलंही. त्यावरून सांगतो, तुमच्या यादीत मुख्य कारण आलेलंच नाही. ते म्हणजे भीती. आपल्याकडे काम अडतं ते बहुतेक वेळा माणसाला काम येत नाही म्हणून नव्हे. येत असूनही तो स्वतःच्या सहीने काही मांडायला धजावत नाही म्हणून. आणि ही भीती कुठल्याही सभागृहात जात नाही. ती घालवू शकतो फक्त लगतचा वरिष्ठ, म्हणजे तुम्ही.

भीती खोटी नाही, हे आधी मान्य करा. आपल्या कर्मचाऱ्याने काय पाहिलेलं असतं? आठ-दहा वर्षांपूर्वी ज्याने धडाडीने एखादं देयक मंजुरीला मांडलं, तो आज बदलीच्या ठिकाणी बसून स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या, म्हणजे हिशेबतपासणीच्या, आक्षेपाला उत्तरं लिहितोय. निवृत्ती जवळ आली तरी आक्षेप निकाली निघत नाही. आणि ज्याने त्याच काळात प्रत्येक फाईलवर "वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन मागवणे उचित होईल" एवढंच लिहिलं, त्याच्या नावावर एकही आक्षेप नाही. पंचायत राज समितीचा, म्हणजे जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचं काम तपासणाऱ्या विधिमंडळाच्या समितीचा, दौरा लागला की तालुक्याच्या कार्यालयात काय वातावरण असतं, ते तुम्ही लवकरच अनुभवाल. "मॅडम, उगंच कशाला अंगाला लावून घ्यायचं?" हे वाक्य तुमच्या कानावर आलंच असेल. त्यात आळस कमी असतो, अनुभव जास्त.

म्हणून पहिले काही आठवडे कुणाला सुधारायला जाऊ नका. एकेका टेबलाची कार्यविवरण नोंदवही, म्हणजे आलेल्या कागदांची आणि त्यांच्या निकालाची वही, घेऊन त्या माणसाशेजारी बसा. शेजारीच बसा, त्याला केबिनमध्ये बोलावू नका. कुठलं प्रकरण कधी आलं, कुठे थांबलं आणि का थांबलं, एवढंच विचारत चला. थांबण्याची कारणं चारच निघतात. माहीत नाही, झेपत नाही, धजावत नाही आणि करायचंच नाही. प्रशिक्षणाचा उपाय यातल्या फक्त पहिल्यावर चालतो. आपण मात्र चारही दुखण्यांना तेच औषध देतो आणि मग गुण येत नाही म्हणून औषधाला नावं ठेवतो.

"झेपत नाही" हे ओळखणं सोपं. पदं रिक्त आहेत, एकाकडे दोन-दोन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार आहे, शेवटच्या तारखेला माहिती मागणारी पत्रं रोज येतायत. अशा माणसाला वेळेच्या नियोजनाच्या वर्गाला पाठवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचं एखादं काम काढून दुसऱ्याला द्या, नाहीतर गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा की ही दोन कामं या महिन्यात मागे राहतील. वरिष्ठाने स्वतःच्या सहीने असं एकदा लिहिलं की त्या माणसाची कामाची लय बदलते.

"धजावत नाही" हे मात्र उघड दिसत नाही. ते टिपणीच्या, म्हणजे फाईलवर वरिष्ठांसाठी लिहिलेल्या मजकुराच्या, भाषेत लपलेलं असतं. म्हणून एक टिपणी जवळून पाहू.

एक प्राथमिक शिक्षक काही महिन्यांत निवृत्त होणार आहेत. निवृत्तिवेतनाचं प्रकरण करायचंय. कनिष्ठ सहायकाची टिपणी येते : "श्री. क्ष हे नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या सेवापुस्तकात दोन वर्षांच्या सेवा पडताळणीची नोंद आढळून येत नाही. तरी पुढील उचित आदेश व्हावेत, ही विनंती." (सेवा पडताळणी म्हणजे वेतनदेयकांवरून त्या काळातली सेवा तपासून केलेली नोंद.) वरिष्ठ सहायक खाली सही करतात. कक्ष अधिकारी सही करतात. फाईल साहेबांकडे जाते. साहेब समासात लिहितात, "चर्चा करावी." फाईल खाली येते. चर्चेला वेळ मिळत नाही, साहेब दौऱ्यावर, मग मीटिंग, मग व्हिडिओ कॉन्फरन्स. तीन आठवडे जातात. सगळ्यांच्या सह्या झालेल्या असतात, पण एकानेही काही सुचवलेलं नसतं. कार्यालयात चार पदं भरलेली असून निर्णय घेणारं कुणीच नाही, असं हे चित्र.

आता हीच टिपणी कशी हवी? कुठली दोन वर्षं, त्या काळात गुरुजी कुठल्या शाळेत, कुठल्या तालुक्यात होते, त्या काळची वेतनदेयकं कुठल्या कार्यालयाच्या अभिलेखात असणार, त्या पंचायत समितीला पाठवायच्या पत्राचा मसुदा सोबत जोडलाय, अमुक तारखेपर्यंत उत्तर नाही आलं तर आपला माणूस समक्ष जाऊन देयकं पाहून येईल, मान्यता असावी. एवढंच. यातलं काहीही त्या कनिष्ठ सहायकाला माहीत नव्हतं असं नाही. तोंडी विचारलंत तर तो सगळं घडाघडा सांगेल. कागदावर उतरवायला तो घाबरतो, कारण "तू कोण सुचवणारा?" हे त्याने कधीतरी ऐकलेलं असतं.

इथे तुमचं नेतृत्व सुरू होतं. कार्यालयात एकच रीत घाला : प्रस्ताव नसलेली टिपणी वर येणार नाही. आणि तितकीच कडक रीत स्वतःला लावून घ्या : माझ्याकडून "चर्चा करावी" असा शेरा गेला तर त्याच दिवशी मीच त्या टेबलावर जाईन, आणि चर्चेत जे ठरलं ते माझ्या अक्षरात फाईलवर लिहीन. प्रस्ताव चुकीचा असला तर तो खोडून टाकू नका. खाली का पटला नाही ते दोन ओळीत लिहा. लिहिणारा पुढच्या वेळी त्या दोन ओळी धरून लिहितो. मी वर्गावर जे काही शिकवलं, त्यापेक्षा समासातल्या अशा शेऱ्यांनी जास्त माणसं तयार झालेली मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट याहून कठीण. तुमच्या मान्यतेने झालेल्या कामावर पुढे आक्षेप आला, तर अनुपालन, म्हणजे त्या आक्षेपाचं उत्तर, तुम्ही लिहायचं. टेबलावरच्या माणसाला एकट्याने लिहायला लावायचं नाही. असा एक प्रसंग आला आणि तुम्ही माणसाच्या मागे उभ्या राहिलात, की ती बातमी तालुकाभर पसरते. शिपाई, चालक, ग्रामपंचायत अधिकारी, सगळ्यांना कळते. त्या दिवसापासून टिपण्यांची भाषा बदलू लागते.

हे बोलायला ठीक, पण आपल्या लोकांकडून होतं का, असं वाटत असेल तर पावसाळा आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदी या दोन्ही पातळ्या कितीतरी मागे टाकून गेली. २०१९ ला तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. त्या दिवसांत चिखली-आंबेवाडीपासून शिरोळच्या गावांपर्यंत कोण होतं? हेच तलाठी, हेच ग्रामसेवक, हेच कृषी सहायक, याच आपल्या लेखी आळशी असलेल्या कचेऱ्यांतले लोक. जनावरांचा चारा, निवारा केंद्रातलं जेवण, पिण्याच्या पाण्याचे टँकर आणि पाणी ओसरल्यावर चिखलात उभं राहून केलेले पंचनामे. त्या महिन्याआधी त्यांना कुणी वेगळं प्रशिक्षण दिलं नव्हतं. मग बदललं काय होतं? कुणी कुठलं गाव पाहायचं ते नावानिशी लेखी आदेशात होतं. निर्णय जागेवर घ्यायची मुभा होती. वरिष्ठ फोनवर लगेच सापडत होते, पुष्कळदा तर शेजारीच उभे होते. आणि केलेल्या कामाचं फळ माणसाला डोळ्यांसमोर दिसत होतं. या गोष्टी पुरासाठी राखून ठेवायच्या असं कुठल्याही नियमात नाही. जूनच्या साध्या मंगळवारीही त्या देता येतात.

आता प्रशिक्षणाकडे येऊ, कारण ते नकोच असं मी म्हणत नाही. आपल्या राज्यात यशदासारखी सरकारी प्रशिक्षण संस्था पुण्यात आहे, २०११ पासून राज्याचं प्रशिक्षण धोरण आहे. केंद्राच्या २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणात तर प्रत्येक खात्याने वेतनावरच्या तरतुदीच्या किमान २.५ टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी ठेवावी असं म्हटलंय. २०२० मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगी या केंद्राच्या कर्मचारी प्रशिक्षण कार्यक्रमामुळे आयगॉट या ऑनलाइन पोर्टलवरचे अभ्यासक्रम आता मोबाइलवर करता येतात. त्या मिशनमागचा विचार मला मनापासून पटतो : माणसाला त्याच्या पदाची नियमावली शिकवून थांबू नका, तो जी भूमिका पार पाडतो तिला लागणारी क्षमता त्याच्यात आणा. पण हे प्रत्यक्षात यायचं तर नामनिर्देशन करणाऱ्या अधिकाऱ्याने डोकं लावायला हवं.

आपल्याकडे प्रशिक्षणाला कोण जातो? ज्याच्यावाचून कार्यालयाचं अडत नाही तो. पत्र येतं, दोन नावं हवी असतात, आणि ज्याच्याकडे महत्त्वाचं टेबल नाही त्याचं नाव जातं. ज्याच्या टेबलावर खरी गरज आहे त्याला सोडलं जात नाही, कारण "ते गेले तर काम थांबेल." अशाने एकच माणूस पाच-पाच वर्ग करून येतो आणि निवृत्तिवेतन पाहणारी ताई दहा वर्षांत कधी तालुक्याबाहेर शिकायला गेलेली नसते. तुम्ही हे उलटं करा. गुंतलेल्या माणसालाच पाठवा आणि ते तीन दिवस त्याचं टेबल दुसऱ्याकडे द्या. टेबल दुसऱ्याला कळणं हाही कर्मचारी विकासच आहे, आणि तो फुकट होतो.

पाठवण्याआधी पाच मिनिटं बोला. "परत आल्यावर या तीन अडलेल्या प्रकरणांचं काय करायचं ते तुम्ही मला सांगणार आहात" एवढं सांगून पाठवलेला माणूस वर्गात वेगळे कान घेऊन बसतो. परत आला की आठवड्याभरात ती तीन प्रकरणं त्याच्याकडूनच मार्गी लावून घ्या आणि आपल्या मासिक सभेत त्यालाच बोलायला द्या. सभा म्हणजे फक्त प्रलंबिततेचा आढावा आणि रागावणं, अशी सवय लागलीय ती मोडा. पंधरा मिनिटं राखून ठेवा, दर महिन्याला एका टेबलाने आपलं एक सुटलेलं प्रकरण इतरांना समजावून सांगायचं.

वयाने मोठ्या माणसांचं तुम्ही विचारलंय. मॅडम, ही माणसं तुमची अडचण नाहीत, ती तुमची पुंजी आहे. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याची सहा गठ्ठे पद्धत तुम्ही परीक्षेसाठी वाचली असेल; त्यातला स्थायी आदेशांचा गठ्ठा ज्यांच्या डोक्यात आहे असे एक-दोन वरिष्ठ सहायक प्रत्येक पंचायत समितीत असतात. कुठल्या शासन निर्णयाने कुठला जुना निर्णय अधिक्रमित झाला, हे ते न बघता सांगतात. त्यांना संगणकावरून बोल लावायचा नाही, विशेषतः कनिष्ठांसमोर. त्यांच्या शेजारी एखादा नवा मुलगा बसवा. तो ऑनलाइन नोंदी बघेल, ते त्याला टिपणी शिकवतील. त्यांच्याशी बोलताना "तुमच्या काळात असं प्रकरण कसं सोडवलं होतं?" असं विचारा आणि ते सांगतील ते खरोखर वापरा. त्यांच्यातल्या कुणाचं मत तुम्ही टिपणीत त्यांच्या नावाने नोंदवलंत, तर तो मान त्यांना कुठल्याही सत्कारापेक्षा मोठा वाटतो.

आणि नव्या मुलांबद्दल दोन शब्द, कारण यांच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. अनुकंपावर लागलेला मुलगा घ्या. वडील सेवेत असताना गेले, घर कोलमडलं, काही वर्षं प्रतीक्षा यादीत गेली, मग हा रुजू झाला. त्याच्याकडून टंकलेखन आणि एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रं मुदतीत मागितली जातात, ते बरोबरच आहे. पण आवक-जावक नोंदवही हातात देऊन त्याला कोपऱ्यात बसवलं जातं आणि दोन-तीन वर्षं कुणी त्याला साधी टिपणी लिहायला शिकवत नाही. मग त्याला आळशी म्हटलं जातं. कोल्हापूरला तरी हे शोभत नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या हे सगळे सांगतात. पण जागा राखून ते थांबले नाहीत. त्या जागेपर्यंत पोरं पोचावीत म्हणून त्यांनी वसतिगृहं उभी केली, शिक्षणावर खर्च केला. १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं, म्हणजे गावचं दप्तर सांभाळण्याचे पिढीजात हक्क, काढून पगारी तलाठी नेमले, तेव्हा पिढीजात कारकुनी नसलेल्या घरांतली माणसंही दप्तर सांभाळू शकतात यावर त्यांचा विश्वास होता, आणि ती शिकावीत याची सोयही त्यांनी पाहिली. पद देणं आणि माणसाला त्या पदाला पुरा पडेल असं घडवणं, ही जोडीची कामं आहेत. तुमच्या कार्यालयातल्या अशा मुलाला पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक टिपणी लिहायला द्या आणि ती तुम्ही स्वतः तपासा.

गोपनीय अहवालाचं थोडं. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचा अहवाल आपण मे-जूनमध्ये घाईने लिहितो. सगळ्यांना "ब+", सगळ्यांचे शेरे सारखे. ज्याने जीव तोडून काम केलं आणि ज्याने खुर्ची उबवली त्या दोघांचं कागदावरचं वर्ष एकच दिसतं. याने चांगल्या माणसाचा जो हिरमोड होतो तो कुठल्याही प्रेरणादायी व्याख्यानाने भरून निघत नाही. त्यासाठी एक साधी वही ठेवा. माणसागणिक दोन पानं. वर्षभर काय चांगलं केलं, कुठे कमी पडला, तारीख घालून एकेक ओळ. वर्षाच्या मध्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला आणि वहीतलं वाचून दाखवा. वाईट शेरा त्याला पहिल्यांदा अहवालाच्या प्रतीतून कळता कामा नये. देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलंच आहे की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, संबंधिताला कळवली पाहिजे. कायद्याने जे शेवटी करायला सांगितलं ते तुम्ही मध्येच केलंत, तर माणसाला सुधारायला अर्धं वर्ष हातात मिळतं.

राहिला "करायचंच नाही" हा गट. तो आहे, पण वाटतो त्यापेक्षा फार लहान. वरचं सगळं प्रामाणिकपणे केल्यावर वीस माणसांत एखादाच उरतो. त्याच्याबाबतीत रागावणं, सभेत अपमान करणं, बदलीची धमकी देणं, यातलं काही करू नका. काम लेखी द्या, मुदत लिहा, नाही झालं तर ज्ञापन म्हणजे लेखी समज, मग कारणे दाखवा नोटीस. खुलासा आला की तो खरोखर वाचा. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे शिस्त व अपील नियम आहेत आणि १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, त्यांच्या चौकटीत राहून गटविकास अधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव पाठवा. बाकीची माणसं हे बारकाईने पाहत असतात. न करणाऱ्याला काहीच होत नाही असं दिसलं, तर करणारे हळूहळू हात आखडता घेतात. तसंच त्याच्यावरचं काम गुपचूप चांगल्या माणसाकडे सरकवायचं नाही. आपल्याकडे कामसू माणसाला बक्षीस म्हणून आणखी काम मिळतं, आणि असे किती जण चाळिशीत थकून गेलेले मी पाहिलेत.

पुणे विभागात २०१७ मध्ये विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी झिरो पेंडन्सीची, म्हणजे प्रलंबित प्रकरणं शून्यावर आणण्याची, मोहीम घेतली, ती आपल्या जिल्ह्यातही आली. त्याआधी, १९८० च्या दशकात, अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी दप्तर आणि बैठकव्यवस्था बदलून दाखवली होती. दोन्ही मोहिमा चांगल्याच. पण अशा मोहिमा पुष्कळ ठिकाणी साहेबांची बदली झाली की ओसरतात, कारण रीत साहेबांच्या धाकावर उभी असते. तुम्हालाही इथे तीनेक वर्षंच मिळतील. म्हणून जे कराल ते एखाद्या माणसाच्या हातात देऊन करा. सभेतली पंधरा मिनिटं कोण चालवणार, नव्या मुलाला कोण शिकवणार, हे आत्ताच ठरवा, आणि त्यात तुमचं स्वतःचं नाव शक्य तितकं कमी ठेवा.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर निवृत्तिवेतनाच्या टेबलापासून करा. प्रकरणाची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षं आधीपासून व्हावी असं नियमच सांगतो, त्यामुळे यादी आजच काढता येते. पुढच्या दोन वर्षांत तुमच्या तालुक्यातून जे निवृत्त होणार आहेत त्यांची सेवापुस्तकं बाहेर काढा. त्या टेबलाच्या सहायकाला आणि एका वरिष्ठाला घेऊन रोज दोन पुस्तकं तपासा : पडताळणी, वेतनवाढी, वारसाचं नामनिर्देशन, नावातली तफावत. जे उणं निघेल त्यावर त्या सहायकानेच प्रस्तावासह टिपणी लिहायची, तुम्ही त्याच दिवशी सही करायची. ज्या गुरुजींचं पुस्तक आहे त्यांना बोलावून ते दाखवा. पहिल्या दहा-बारा पुस्तकांतच त्या सहायकाला काय येतं, काय येत नाही आणि तो कशाला घाबरतो, हे तुम्हाला कळेल. कुठल्या वर्गाला त्याला पाठवायचं, ते मग मला विचारायची गरज पडणार नाही.